इंजेरा आणि आंबील

"आई, हे नासलंय!"

बारा वर्षांच्या मुलाने पहिला घास तोंडात घातला आणि जाहीर करून टाकले. आजूबाजूच्या कोणालाही मराठी येत नव्हते म्हणून बरे! त्याच्या आईने मात्र दुसरा घास घेतला, जरा वेळ चावला आणि हसून म्हणाली, "नासलं कुठं रे? ही तर आपली आंबील आहे, तव्यावर घातलेली."

ही गोष्ट अमेरिकेतील वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग या गावातली. १९७४ च्या क्रांतीनंतर इथिओपियातून बाहेर पडलेली अनेक कुटुंबे वॉशिंग्टनच्या परिसरात स्थायिक झाली. त्यांनी चालवलेली लहान लहान उपाहारगृहे या भागात पुष्कळ आहेत. एका परिषदेसाठी आम्ही तिकडे गेलो असताना एका मराठी स्नेह्यांकडे उतरलो होतो. घर शाकाहारी. बाहेर जेवायचे म्हटले की प्रश्नच. पण इथिओपियन खाणावळीत तो पडत नाही, असे वहिनी म्हणाल्या. वहिनी मूळच्या वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावच्या. वडील शेजारच्या पुलगावच्या कापड गिरणीत कामाला होते. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला जे नासलेले वाटले, ते नाचणगावात वाढलेल्या आईला ओळखीचे वाटले. जिभा दोन, पदार्थ एकच. मग खरे कोणाचे?

वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न दिसतो, पण त्याच्या आत एक चांगला वैज्ञानिक प्रश्न दडलेला आहे. नासणे आणि आंबणे यांत नेमका फरक काय? दोन्हींत सूक्ष्मजीव असतात, दोन्हींत वास बदलतो, दोन्हींत फेस येतो. तरीही एक आपण फेकून देतो आणि दुसऱ्याचा नैवेद्य दाखवतो. असे का?

ताटात काय होते?

आधी ताट पाहू. पराती‍एवढ्या ताटात एक मोठी, मऊ, जाळीदार पोळी पसरलेली होती. तिचे नाव इंजेरा. तिच्यावरच वेगवेगळ्या भाज्या आणि आमट्यांचे ढीग मांडलेले. वेगळी वाटी नाही, चमचा नाही. बाजूच्या इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात भाजी पकडायची आणि उजव्या हाताने खायचे. ताट सगळ्यांचे मिळून एकच. खालच्या इंजेरात आमट्या मुरतात आणि ती शेवटी खाल्ली जाते.

आम्ही मागवलेल्या ताटाला 'बेयाइनेतू' म्हणतात. म्हणजे सर्व प्रकारचे थोडे थोडे. हे त्यांच्या उपवासाचे ताट. इथिओपियातील सनातनी ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या काळात मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी काहीही खात नाहीत. असे सगळे दिवस मोजले तर वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ होतो. आपल्या उपवासाला दूध चालते आणि डाळ चालत नाही, त्यांच्या उपवासाला नेमके उलट. त्यामुळे डाळींचे कितीतरी प्रकार तेथे तयार झाले.

ताटात लाल मसुरीची झणझणीत आमटी होती. हळद घातलेले वाटाण्याच्या डाळीचे वरण होते. पालेभाजी होती. मधोमध होते 'शिरो'. हरभरा, वाटाणा अशा कडधान्यांचे भाजलेले पीठ कांदा-लसणाच्या फोडणीत शिजवलेले. म्हणजे पिठलेच की! त्यांच्या 'बर्बेरे' नावाच्या मसाल्यात मिरची, लसूण, आले, मेथी, धने आणि ओवा. यातली मिरची मात्र त्यांचीही नाही आणि आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर युरोपीय जहाजांतून ती जगभर गेली.

जेवण वाढणाऱ्या बाईंनी जाताना एक गंमत केली. इंजेराचा एक घास करून त्यांनी तो रुसलेल्या मुलाच्या तोंडात भरवला. या रिवाजाला 'गुर्शा' म्हणतात. प्रेमाने भरवलेला घास नाकारायचा नसतो. आपल्याकडे लग्नात घास भरवतात, तेच हे. मुलाने तो निमूटपणे गिळला.

ओळखीची पाहुणी धान्ये

इंजेरा ज्या धान्याची करतात त्याचे नाव टेफ. शास्त्रीय नाव इरॅग्रॉस्टिस टेफ. हे एक गवतच आहे. याच प्रजातीतील इतर गवते आपल्याकडे बांधावर आणि रस्त्याच्या कडेला उगवतात. टेफचा दाणा जेमतेम एक मि.मी. लांबीचा. एक हजार दाण्यांचे वजन सुमारे ०.३ ग्रॅम भरते. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ३० ग्रॅम असते. म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याच्या वजनात टेफचे शंभर दाणे बसतील!

टेफ आपल्याकडे नाही. पण त्या प्रदेशातून आलेली दुसरी बरीच मंडळी आपल्या घरात इतकी रुळली आहेत की ती पाहुणी होती हेच आपण विसरलो. ज्वारी ईशान्य आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये मडक्यांच्या तुकड्यांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांवरून तेथे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वारीची लागवड सुरू झाली होती असे दिसते. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. आणि ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो ते कारळे थेट इथिओपियाच्या पठारावरचे. त्याच्या शास्त्रीय नावातच ते लिहिले आहे. गायझोशिया ॲबिसिनिका, म्हणजे ॲबिसिनियाचे. ॲबिसिनिया हे इथिओपियाचे जुने नाव. तिथे कारळ्याला 'नूग' म्हणतात आणि त्याचे तेल स्वयंपाकात वापरतात. विदर्भात घरोघरी असणारा जवसही तेथे खातात, वाटून पाण्यात कालवून.

धान्यांबरोबर माणसेही आली. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्तबगार वजीर झाला. १६१० मध्ये त्याने वसवलेले खडकी हे शहर नंतर औरंगाबाद झाले आणि आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. तेव्हा त्या देशाशी आपली ओळख अमेरिकेतल्या खाणावळीत झाली, असे मुळीच नाही.

आता या धान्यांतील एक समान अडचण पाहा. टेफ, ज्वारी, नाचणी यांत गव्हासारखे ग्लूटेन नसते. ग्लूटेन म्हणजे गव्हाच्या प्रथिनांचे ताणले जाणारे जाळे. त्यामुळेच पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. ते नसले की पीठ लाटता येत नाही, फुगतही नाही. मग अशा धान्याची मऊ, जाळीदार पोळी करायची कशी? इथिओपियातील बायकांनी याचे उत्तर शोधले ते सूक्ष्मजीवांची मदत घेऊन. आपल्याकडच्या बायकांनीही तेच केले. इडली, डोसा, आंबोळी ही त्याची उदाहरणे. दोघींनी एकमेकींना विचारले नव्हते.

नासणे आणि आंबणे

कोणतेही पीठ निर्जंतुक नसते. शेतातून, खळ्यातून, जात्यातून, हातांवरून हजारो जीवाणू, यीस्ट आणि बुरशीचे बीजाणू त्यात आलेले असतात. कोरड्या पिठात ते गप्प असतात. पाणी मिळाले की कामाला लागतात. योग्य तापमानात एखादा जीवाणू दर तासाला दुभंगला, असे धरू. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत २४ तासांनी किती होतील? विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घाला. उत्तर आहे १,६७,७७,२१६. प्रत्यक्षात अन्न आणि जागा संपत जाते, स्वतःच तयार केलेल्या पदार्थांचा त्रास होऊ लागतो आणि वाढ मंदावते. पण वेगाचा अंदाज येतो.

भिजवलेले पीठ म्हणजे रिकामी जागा. तिच्यावर कोण आधी ताबा मिळवतो यावर पुढचे सगळे ठरते. प्रथिने कुजवणारे जीवाणू जिंकले तर दुर्गंधी सुटते, चिकट तार येते, काही वेळा विषारी पदार्थ तयार होतात. हे नासणे. पण साखर खाऊन आम्ल तयार करणारे जीवाणू जिंकले तर पिठाचा सामू भराभर खाली येतो. सामू म्हणजे आम्लता मोजण्याची पट्टी. शुद्ध पाण्याचा सामू ७, लिंबाच्या रसाचा २ ते ३ च्या दरम्यान. सामू ४ च्या आसपास आला की कुजवणाऱ्या बहुतेक जीवाणूंचे तेथे काही चालत नाही. हे आंबणे. आंबट चव ही त्या विजयाची खूण आहे.

म्हणून त्या मुलाचे निदान चुकले होते, पण त्याची शंका चुकीची नव्हती. माणसाची जीभ आंबटपणाबद्दल सावध असते. कोणता आंबटपणा ओळखीचा मानायचा हे मात्र ती घरात शिकते.

तीन दिवसांत पिठात काय घडते?

इंजेरासाठी टेफचे पीठ पाण्यात सरबरीत कालवतात आणि त्यात 'एर्शो' घालतात. एर्शो म्हणजे आधीच्या घाण्यातील आंबलेल्या पिठावर साचलेले पिवळसर पाणी. ते काढून जपून ठेवलेले असते. आपल्या भाषेत हे विरजणच. मग पीठ दोन-तीन दिवस झाकून ठेवतात. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच आहे. हवा थंड, म्हणून वेळ जास्त.

या काळात पिठात सूक्ष्मजीवांच्या टोळ्या पाळीपाळीने येतात. सुरुवातीला आतड्यांतील जीवाणूंच्या कुळातले काही जीवाणू वाढतात. तेव्हा वास फारसा चांगला नसतो. आम्लता वाढली की ते मागे हटतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू पुढे येतात. यातला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा इडलीच्या पिठातही मुख्य कामगार असतो. त्यानंतर आणखी आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस कुळातील जीवाणू येतात. जोडीला यीस्टही असतात.

येथे एक बारकावा आहे. लॅक्टिक आम्ल करणारे काही जीवाणू ग्लुकोजपासून फक्त लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यांच्यामुळे पीठ आंबट होते, पण फुगत नाही. ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू मात्र आम्लाबरोबर थोडे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडही तयार करतात. यीस्टही हा वायू सोडतात. म्हणून पीठ आंबट होणे आणि फुगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दही आंबट होते, पण इडलीच्या पिठासारखे फुगत नाही, ते यामुळेच.

विरजणाचा उपयोगही आता कळेल. विरजणातून हवे ते कामगार लाखोंच्या संख्येने पहिल्याच क्षणी आत शिरतात. नको असलेल्यांना पाय रोवायला वेळच मिळत नाही.

नाचणगावात ज्वारीची इंजेरा

वहिनींचे वाक्य आमच्या डोक्यात राहिले होते. पुढे वर्धा जिल्ह्यातील काही विज्ञान शिक्षकांबरोबर दोन-तीन दिवस काढण्याचा योग नाचणगावात आला, तेव्हा हा विषय आम्ही मुद्दाम काढला. नाचणगाव देवळी तालुक्यात, पुलगावला लागूनच आहे. इथे टेफ मिळणार नाही, हे उघडच. पण इथिओपियातही सगळीकडे टेफ पिकत नाही. सखल, उष्ण भागांत इंजेरा ज्वारीची करतात. ज्वारी तर आपली हक्काची.

पहिल्यांदा आम्ही विचारले, तुमच्याकडे काय काय आंबवतात? इडली-डोसा सोडून सांगा. जरा वेळ शांतता. मग एका बाईंनी सांगितले, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवतात. दुसऱ्या म्हणाल्या, कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतो आणि रोज पाणी बदलतो. अनारशांचे तांदूळही तीन दिवस. एक सर म्हणाले, खानदेशात ज्वारीच्या बिबड्या करतात, त्याही आंबवूनच. फळा भरला. या यादीतला एकही पदार्थ विज्ञानाच्या तासाला आला नव्हता. एका बाईंनी सांगितलेली गोष्ट मात्र सर्वांनाच लागली. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने डब्यात आंबील आणली होती. बाकीच्या मुली नाक धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने डबाच आणला नाही.

आम्ही तीन बरण्या मांडल्या. तिन्हींत एक वाटी ज्वारीचे पीठ आणि दीड वाटी पाणी. पहिली तशीच ठेवली. दुसरीत आदल्या दिवशी आंबवलेल्या पिठाचे दोन चमचे घातले. तिसरीतले पीठ पाण्यात चांगले शिजवून, गार करून, झाकून ठेवले. हेतू असा की त्यातले सूक्ष्मजीव उष्णतेने मरतील. कोणती बरणी आधी नासेल, असे विचारल्यावर बहुतेकांचे मत पहिलीला पडले. तिसरी सर्वांत स्वच्छ, म्हणून ती टिकेल.

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बरणीत बुडबुडे आले. पहिलीत ते दुसऱ्या दिवशी आले. मध्ये एकदा नको असा वास आला आणि मग आंबट वास पसरला. तिसरी शांत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे झाकण उघडले आणि सगळे मागे सरले. पिठाला तार सुटली होती, कुजका वास येत होता.

असे का झाले? उकळल्याने बहुतेक जीवाणू मरतात, पण काही जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजवल्यामुळे आम्ल करणारे कामगार मेले आणि हे बीजाणू उरले. गार झाल्यावर ते रुजले. त्यांना अडवायला आम्ल नव्हते. जिला आपण 'स्वच्छ' म्हणत होतो, तिच्यात राखणदारच उरला नव्हता. शिजवलेला भात उबेत रात्रभर ठेवू नये असे म्हणतात, त्याचेही कारण हेच.

डोळे कसे पडतात?

दुसऱ्या बरणीतले पीठ लोखंडी तव्यावर ओतले. पहिली इंजेरा फसली. कडा तडकल्या, उचलताना तुकडे झाले. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भाकरीच्या पिठाले आधण लागते ना सर, मंग याले काऊन नाही?"

आम्ही चूक केली होती, आणि ती नेमकी तीच होती. इथिओपियातही आंबलेल्या पिठातला थोडा भाग पाण्यात शिजवून, घट्ट खळ करून पुन्हा पिठात मिसळतात. त्याला 'अब्सित' म्हणतात. आम्ही ती पायरी विसरलो होतो. ताईंना ती भाकरीमुळे ठाऊक होती. दोन्हींमागचे विज्ञान एकच. पिठूळ पदार्थाचे म्हणजे स्टार्चचे कण सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगतात आणि फुटून चिकट खळ होते. ग्लूटेन नसलेल्या पिठाला ही खळ बांधून ठेवते. भाकरी थापता येते ती तिच्यामुळे आणि इंजेरातले बुडबुडे टिकतात तेही तिच्यामुळे.

ताईंनी एक वाटी पीठ दोन वाट्या पाण्यात शिजवले, कोमट झाल्यावर उरलेल्या पिठात मिसळले आणि तासभर थांबायला सांगितले. पीठ पुन्हा फुगले. मग तवा तापवून, पीठ बाहेरून आत असे गोल ओतून लगेच झाकण ठेवले. इंजेरा उलटायची नसते. खालून तापलेल्या पिठातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ वर येतात, पृष्ठभागावर फुटतात आणि तेवढ्यात स्टार्च घट्ट होऊन ती भोके तशीच राहतात. इथिओपियात त्यांना इंजेराचे 'डोळे' म्हणतात. जितके डोळे अधिक आणि सारखे, तितकी करणारीची वाखाणणी. झाकणामुळे वरची बाजू वाफेवर शिजते. पारंपरिक मातीचा तवा, 'मिताद', अर्धा मीटरहून रुंद असतो. आमच्या तव्यावर ती वीतभरच झाली, पण डोळे पडले. पिठले केलेले होतेच. सगळ्यांनी एकाच परातीतून खाल्ले.

लोहाचा प्रश्न

चव आणि पोत झाले. पण आंबवण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो मुलींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते. रोपाला लागणारा फॉस्फरस दाण्यात साठवण्याची ही सोय. त्याच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे एक कडे असते आणि प्रत्येक कार्बनला एक फॉस्फेट गट जोडलेला असतो. हे सहा गट लोह आणि जस्ताला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे धान्यात लोह असूनही आतड्यात ते पुरेसे शोषले जात नाही. फायटेज नावाचे विकर हे फॉस्फेट गट एकेक करून तोडते. ते दाण्यात असते, काही सूक्ष्मजीवही ते तयार करतात. सौम्य आम्लात ते चांगले काम करते. पीठ आंबत असताना नेमकी तीच स्थिती असते. किती फायटिक आम्ल कमी होईल हे धान्य, वेळ आणि तापमान यांवर अवलंबून असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९–२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. इथिओपियात २०१६ च्या अशाच सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. हे आकडे फळ्यावर लिहिताच एक सर म्हणाले, "म्हणजे इंजेरा खाल्ली की रक्तक्षय जातो!"

असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, म्हणूनच येथे थांबायला हवे. दोन देशांत अन्नाखेरीज शेकडो फरक आहेत. उंचीवरच्या विरळ हवेत शरीर जास्त हिमोग्लोबिन तयार करते आणि त्यासाठी आकड्यांत दुरुस्ती करावी लागते. हिवताप, जंत, बाळंतपणे यांचाही वाटा असतो. टेफमध्ये लोह फार असते असे म्हणतात, पण त्यातले बरेचसे खळ्यावर बैलांकरवी मळणी करताना चिकटलेल्या मातीतले असते. दाणे धुतले की ते कमी होते, आणि मातीतले लोह शरीराला फारसे मिळतही नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असते असे नाही. हा धडा आहाराच्या निमित्ताने शिकवता आला तर फार चांगले.

मग सांगायचे काय? एवढेच, की आंबवल्याने धान्यातल्या लोहावरचे एक कुलूप सैल होते. सोबत लिंबू किंवा आवळा घेतला तर त्यातले 'क' जीवनसत्त्व आणखी मदत करते. जेवणाबरोबर लगेच चहा पिणे टाळावे, कारण चहातली टॅनिने लोहाला पुन्हा बांधतात. ज्वारीच्या काही गडद रंगाच्या वाणांतही टॅनिने असतात. यातले काहीही औषधाला पर्याय नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी आंबील खातो म्हणून सोडायची नाही.

वर्गात करून पाहा

तीन बरण्यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत होण्यासारखा आहे. बरणीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून दर दोन तासांनी पिठाची पातळी नोंदवा. वर्ध्याच्या मे महिन्यात आणि जानेवारीत तोच प्रयोग करून वेळेची तुलना करा. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून दर्शक बनवा. आम्लात तो लाल-गुलाबी होतो, सोड्यात हिरवट. पिठावरच्या पाण्याचे दोन थेंब त्यात टाकून पाहा. पीठ बाटलीत भरून तोंडाला फुगा लावला तर वायू जमताना दिसेल. तो चुन्याच्या निवळीतून सोडला की निवळी दुधाळ होईल.

काळजी घ्यायची ती अशी. भांडी आणि हात स्वच्छ धुवा. बाटलीला घट्ट बूच लावू नका, वायूच्या दाबाने ती फुटू शकते. पिठावर काळी, हिरवी किंवा गुलाबी बुरशी दिसली, तार सुटली किंवा कुजका वास आला तर चाखून पाहू नका, फेकून द्या. तिसऱ्या बरणीतले पीठ तर कधीच खायचे नाही. आंबलेले पीठही नीट शिजवूनच खा.

वर्धा जिल्ह्याला अन्नावरचे प्रयोग नवे नाहीत. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालत असे. जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी तेथे हातसडीच्या तांदळाचा आणि घाणीच्या तेलाचा विचार प्रयोगांच्या आधारे मांडत होते. आज जिल्ह्यातल्या शेतांत कापूस, सोयाबीन आणि तूर दिसते. ज्वारीचे शेत शोधावे लागते. पीक गेले की पदार्थ जातो, आणि पदार्थ गेला की त्यातले ज्ञानही जाते. ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. आमची फसलेली इंजेरा सावरली ती ताईंच्या आधणामुळे, आमच्या पदवीमुळे नव्हे.

नाचणगावहून निघताना त्या डब्याची गोष्ट सांगणाऱ्या बाई म्हणाल्या की सोमवारी वर्गात त्या तीन बरण्या मांडणार आहेत. विरजण मात्र त्या मुलीला घरून आणायला सांगणार आहेत.